बर्फावरचा बूट : हिशेब मिलिमीटरचा

डिसेंबर उजाडला की जबलपूरच्या घराघरांतल्या रजया उन्हात पडतात. ग्वारीघाटावर सकाळी नर्मदेतून वाफा निघताना दिसतात, चहाच्या टपऱ्यांवर गर्दी वाढते आणि आजोबांची कानटोपी पेटीतून बाहेर येते. या शहराला थंडी ठाऊक आहे, बर्फ मात्र नाही. इथले सर्वांत शुभ्र दृश्य म्हणजे भेडाघाटचे संगमरवरी कडे, आणि त्यांची खरी मौज पौर्णिमेच्या रात्री.

तरीही अलीकडे राइट टाउन, नेपियर टाउन किंवा रांझीतल्या एखाद्या घरात रात्री जेवताना अचानक घोषणा होते, ‘‘आई, फेब्रुवारीत मी औलीला स्कीइंग शिकायला जाणार आहे!’’ मग चर्चा सुरू होते. बरोबर कोण कोण आहे? खर्च किती? तिथे जेवायला काय मिळते? मावशीकडून जाकीट मागवले जाते, काकांचे हातमोजे सापडतात, आजी लोकरीचे मोजे विणायला घेते. बुटांचा विषय निघाला, तर उत्तर ठरलेले असते, ‘‘ते तिथे भाड्याने मिळतात म्हणे.’’

मिळतात हे खरेच. पण शिकायला गेलेल्या मुलांपैकी कित्येकांची हौस तिसऱ्या दिवशी मावळते ती थंडीने नव्हे, तर बुटाने. नडगी काळीनिळी होते, अंगठ्याचे नख दुखू लागते, टाचेला फोड येतो. वर्गाचे पैसे भरलेले असतात, समोर हिमशिखरे चमकत असतात आणि आपला विद्यार्थी खोलीत कोमट पाण्यात पाय घालून बसलेला असतो. हे टाळता येते आणि त्याची तयारी जबलपूरच्या घरात बसूनच करता येते.

मापाशी जुनी ओळख

वास्तविक, बर्फाशी जबलपूरचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. जम्मू अँड काश्मीर रायफल्स आणि ग्रेनेडियर्स या दोन्ही रेजिमेंटची केंद्रे याच शहरात आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा इथल्या मैदानावर घाम गाळणारे जवान पुढे हिमालयाच्या माथ्यावर उभे असतात. १९९९ च्या कारगिल युद्धात पॉइंट ५१४० आणि पॉइंट ४८७५ घेणारी १३ जॅक रायफल्स आणि टायगर हिलवर चढलेली १८ ग्रेनेडियर्स या पलटणी याच दोन रेजिमेंटच्या. लष्कराने बर्फावर चालण्या-घसरण्याचे शास्त्र फार लवकर मनावर घेतले. १९४८ मध्ये गुलमर्गला सुरू झालेल्या स्की शाळेतूनच पुढे आजचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल उभे राहिले.

शहराची दुसरी ओळख कारखान्यांची. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ मधली, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४२ मधली आणि व्हेइकल फॅक्टरी १९६९ मधली. या कारखान्यांनी इथल्या अनेक मराठी कुटुंबांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या पोसल्या. ज्या घरात वडील किंवा आजोबा फिटर, टर्नर होते, तिथे व्हर्नियर कॅलिपर म्हणजे काय आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने जॉब कसा रद्द होतो, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही. स्कीचा बूट समजून घ्यायला हेच संस्कार उपयोगी पडतात, कारण हा बूट नंबराने नव्हे, तर मिलिमीटरने निवडला जातो.

बूट नव्हे, स्टिअरिंग

नेहमीचा बूट पायाचे रक्षण करतो. स्कीच्या बुटाचे मुख्य काम वेगळे आहे. उतारावरून घसरताना वळायचे असेल, वेग कमी करायचा असेल, थांबायचे असेल, तर पाय आणि नडगी यांच्या हालचालीतून जोर बुटात जातो, बुटातून स्कीच्या फळीत आणि फळीच्या धारेतून बर्फात. पाय बुटात हलत असेल तर मधल्या मध्ये हा जोर हरवतो. जुन्या जीपच्या स्टिअरिंगमध्ये ‘प्ले’ आला की चाक फिरवूनही गाडी लगेच वळत नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे गाडी म्हणजे आपले गुडघे असतात.

पूर्वी हे बूट चामड्याचे आणि नाडीचे असत. ते भिजत, सैल पडत. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या बॉब लँग यांनी प्लास्टिकचा स्की-बूट बाजारात आणला आणि पुढे सगळीकडे तोच रूढ झाला. आजच्या बुटाचे दोन मुख्य भाग असतात. बाहेरचे टणक प्लास्टिकचे कवच, त्याला शेल म्हणतात. आतला मऊ, काढता येणारा बूट म्हणजे लायनर. शेलचा वरचा, पोटरीभोवतीचा भाग म्हणजे कफ. समोर साधारणपणे चार बक्कले आणि सगळ्यात वर एक रुंद पट्टा. पहिल्यांदा घालणाऱ्याला पाय प्लास्टरमध्ये घातल्यासारखा वाटतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र ‘घट्ट’ आणि ‘दुखणारा’ यांतला फरक ओळखता आला पाहिजे.

‘वाढत्या अंगाचे’ इथे चालत नाही

आपल्या घरांत मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची पद्धत आहे. शाळेचे बूटही एक नंबर मोठे घ्यायचे, पुढे कापूस कोंबायचा आणि दोन वर्षे काढायची. काटकसरीच्या संसारात यात वावगे काहीच नाही. पण स्कीच्या बुटाला हा नियम लावला की घात होतो.

मोठ्या बुटात पाय पुढे-मागे सरकतो. प्रत्येक वळणावर बोटे पुढे आदळतात आणि टाच वर उचलली जाते. मग ती आवरण्यासाठी बक्कले आवळली जातात, त्यामुळे पावलाच्या वरच्या बाजूचा रक्तपुरवठा अडतो, पायाला मुंग्या येतात आणि बोटे गार पडतात. गंमत पाहा, ज्याचा बूट एक नंबर मोठा, त्याचीच बोटे दुखतात आणि त्यालाच वाटते, आपला बूट लहान आहे! तो आणखी मोठा बूट मागतो आणि दुखणे आणखी वाढते.

यावर उपाय म्हणजे घरीच नीट माप घेणे. दुपारनंतर घ्यावे, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल थोडे फुगलेले असते. जमिनीवर कागद ठेवून त्याची कड भिंतीला टेकवावी. टाच भिंतीला लावून, दोन्ही पायांवर भार देऊन सरळ उभे राहावे. सर्वांत लांब बोटापाशी दुसऱ्या कुणी तरी पेन्सिलीने खूण करावी. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट पुढे असते. भिंतीपासून खुणेपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजले की तोच बुटाचा आकडा. पाऊल २६.५ सेंटिमीटर असेल तर बूट २६.५ चा. या पद्धतीला मोंडोपॉइंट म्हणतात. आपण चपलेच्या दुकानात सांगतो त्या सात-आठ नंबराचा इथे उपयोग नाही. दोन्ही पाय मोजावेत. उजव्या-डाव्यात चार-पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर नवल वाटू देऊ नये.

लांबीनंतर रुंदी. बोटांच्या मुळाशी, जिथे पाऊल सर्वांत रुंद असते, तिथले माप घ्यावे. कंपन्या २६.५ च्या बुटाची आतली रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. ९६ ते ९८ म्हणजे अरुंद, १०० च्या आसपास मध्यम आणि १०२ किंवा अधिक म्हणजे रुंद. आपल्याकडे हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. चपलेत किंवा अनवाणी वाढलेले पाऊल बोटांकडे मोकळे पसरते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांची पावले तपासली गेली. तेव्हा बूट वापरणाऱ्यांपेक्षा त्यांची पावले तुलनेने रुंद आढळली होती. लहानपण अंगणात अनवाणी खेळण्यात गेले असेल, तर अरुंद बूट केवळ दिसायला ऐटदार आहे म्हणून घेऊ नये. रुंदी हवी म्हणून लांबी वाढवणे ही तर नेहमीची चूक. लांबी आपली तीच ठेवून रुंद साच्याचा बूट मागावा.

तळव्याची कमान उंच की सपाट, पावलाचा वरचा उंचवटा किती, पोटरी भरीव की बारीक, हेही टिपून ठेवावे. स्त्रियांच्या पोटरीचा भरीव भाग बहुधा खालपर्यंत येतो. म्हणून स्त्रियांसाठीच्या बुटांचा कफ बुटका आणि वरच्या बाजूला मोकळा केलेला असतो. भावाचे बूट बहिणीने वापरायचे ठरवले तर नेमके इथेच अडते.

आधी कवच, मग लायनर

बूट विकत घ्यायचा असो की भाड्याने, पहिली परीक्षा कवचाची. लायनर बाहेर काढून पातळ मोजा घातलेला पाय नुसत्या कवचात घालावा. बोटे पुढे हलकेच टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा राहते ते पाहावे. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटे जातील इतकी जागा हौशी शिकाऊ माणसासाठी योग्य. तीन बोटे गेली तर बूट मोठा. पक्के खेळाडू एक सेंटिमीटरच्या आसपास जागा ठेवतात, पण नवख्याने त्यांची नक्कल करू नये. बहुतेक कंपन्यांच्या २६ आणि २६.५ च्या बुटाचे कवच एकच असते, हेही लक्षात असू द्यावे. म्हणजे ‘अर्धा नंबर मोठा द्या’ म्हटल्याने कवच बदलत नाही.

मग लायनर परत बसवून बूट चढवावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे स्पर्श करतील. लगेच ‘लहान आहे’ म्हणून काढू नये. टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवावी. आधी घोट्याजवळचे बक्कल लावावे, गुडघे पुढे वाकवून नडगीने बूट दाबावा, मग वरची बक्कले लावावीत. बोटांवरची बक्कले अगदी शेवटी आणि हलक्या हाताने. आता गुडघे वाकवल्यावर टाच मागे सरकून बोटे मोकळी झाली, टाच वर उचलली गेली नाही आणि पूर्ण पावलाला सारखी पकड जाणवली, तर बूट जमला. मनापासून केलेल्या हस्तांदोलनासारखी ही पकड असावी. एकाच ठिकाणी टोचणे, घोट्याचे हाड दाबले जाणे किंवा बधिरपणा, यांपैकी काहीही असेल तर बूट बदलावा. हा निर्णय दोन मिनिटांत करू नये. पंधरा-वीस मिनिटे बूट पायात ठेवावा, त्यात चालावे, वाकावे आणि मगच ठरवावे.

आजीने विणलेल्या मोज्यांबद्दल इथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ते रात्री खोलीत घालायला उत्तम, बुटात मात्र नकोत. स्कीच्या बुटात एकच पातळ, लांब, नडगीच्या वरपर्यंत येणारा मोजा घालायचा असतो. लोकरीचा किंवा घाम शोषून न ठेवणाऱ्या कृत्रिम धाग्याचा चालेल, सुती नको. दोन मोजे घातले की घड्या पडतात, फोड येतात आणि रक्तपुरवठा दबल्याने पाय उलट अधिक गार पडतो. थर्मलची विजारही बुटात खोचू नये. तिची शिवण नडगीवर दिवसभर काचत राहते.

बुटाचा कडकपणा ‘फ्लेक्स’ या आकड्याने सांगतात. साधारण ६० पासून १३० पर्यंत आणि पुढेही. नवशिक्या स्त्रियांना ६० ते ८०, पुरुषांना ८० ते १०० पुरेसा होतो. वजन अधिक असेल तर थोडा जास्त. मात्र हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. एकाचा ९० दुसऱ्याच्या १०० इतका कडक असू शकतो. शिवाय थंडीत प्लास्टिक ताठरते. उबदार खोलीत लवचिक वाटणारा बूट शून्याखालच्या तापमानात बराच कडक होतो. म्हणून ‘मला झेपेल’ असे म्हणून ताकदीचे प्रदर्शन करण्यात अर्थ नाही.

उतरायचेही आणि चढायचेही

एकदा स्कीची गोडी लागली की दोन-तीन हिवाळ्यांनी पुढचा प्रश्न येतो. रोपवेने वर जायचे आणि घसरत खाली यायचे, हा झाला एक प्रकार. गुलमर्गच्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. पण ज्या उतारांवर रोपवे नाही तिथे स्की पायात घालूनच चढायचे आणि मग उतरायचे, हा दुसरा प्रकार. त्याला स्की-टूरिंग म्हणतात. फळीच्या खाली ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. पुढे सरकताना तिचे केस झोपतात, मागे घसरताना बर्फात रुततात. पूर्वी त्यासाठी सीलचे कातडे वापरत, आता नायलॉन किंवा मोहेर वापरतात.

चढताना टाच मोकळी हवी, घोटा हलायला हवा आणि पायात वजन कमी हवे. उतरताना नेमके उलटे. टाच जखडलेली, घोटा पक्का आणि बूट भक्कम. या दोन मागण्यांचे सहजासहजी जमत नाही. १९८३ मध्ये ऑस्ट्रियाचा फ्रिट्झ बार्थेल जड सामान घेऊन मोंट ब्लांकवर चढला आणि त्या वजनाला वैतागून त्याने हलक्या बंधाची युक्ती काढली. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूचे बारीक खळगे ठेवायचे आणि फळीवरच्या बंधाच्या दोन पिना त्यांत अडकवायच्या. चढताना बूट या पिनांभोवती बिजागरीसारखा फिरतो आणि टाच मोकळी राहते. उतरताना टाचही बंधात अडकवायची. आजचे बहुतेक टूरिंग-बूट याच पद्धतीचे आहेत.

दोन्ही कामे एकाच बुटात हवीत, ही मागणी जबलपूरकरांना ओळखीची वाटावी. इथल्या कारखान्यात बनणारी जोंगा आठवा. तिच्या नावातच जबलपूर आहे. सपाट रस्त्यावर एका पद्धतीने चालवायची आणि घाट-चिखल आला की दांडा ओढून चारही चाकांना जोर द्यायचा. ‘हायब्रिड’ स्की-बुटालाही मागे असाच एक दांडा असतो. तो वर केला की कफ मोकळा होऊन पाय पुढे-मागे चालतो, खाली केला की कफ जखडला जातो. पण जोंगा मोटारीइतकी आरामशीर नव्हती आणि ट्रकइतके ओझे वाहत नव्हती. दुहेरी बुटाचेही तसेच आहे. तडजोड कुठे करायची ते आपण ठरवायचे.

आकडेच पाहा. नुसत्या उतारासाठीचा एक बूट साधारण दोन किलो किंवा त्याहून जड असतो. दुहेरी बूट दीड किलोच्या आगेमागे आणि खास टूरिंगचा किलो-सव्वा किलोचा. अर्धा किलो म्हणजे काही विशेष नाही, असे वाटेल. पण तासाभरात प्रत्येक पाय हजार वेळा पुढे टाकला, तर दोन्ही पायांचे मिळून टनभर ओझे जादा ओढले जाते. उलट फार हलका बूट कडक बर्फावर वेगात थरथरतो आणि नवख्याला फळी आवरेनाशी होते.

म्हणून निवडीचा साधा नियम असा की हिवाळ्यातले दहापैकी आठ दिवस रोपवेच्या उतारावरच जाणार असतील तर दुहेरी बुटाचा हट्ट धरू नये. निम्मे-निम्मे असेल तर मागे दांडा आणि टोकाला पिनांचे खळगे असलेला, १०० च्या आसपास फ्लेक्सचा हायब्रिड घ्यावा. बहुतेक दिवस चढाईचेच असतील तरच हलका टूरिंग-बूट. आणि अजून नीट थांबताही येत नसेल तर टूरिंगचा विचार दोन हिवाळे पुढे ढकलावा.

बसण्याच्या बाबतीतही थोडा फरक आहे. तासन्‌तास चढताना पाऊल फुगते आणि टाच लायनरवर सतत घासते. म्हणून टूरिंगसाठी बोटांपुढे किंचित अधिक मोकळीक चालते, पण टाचेची पकड मात्र तितकीच पक्की हवी. टूरिंगच्या बऱ्याच बुटांचे लायनर गरम करून पायाच्या आकारात बसवता येतात. कवच एखाद्या जागी दाबत असेल तर जाणकार फिटर ते तापवून तेवढ्या जागी फुगवूनही देतो. मात्र कवच वाढवता येते, कमी करता येत नाही. मोठा बूट लहान करण्याची विद्या कुणाकडेच नाही.

बूट आणि बंध यांची सोयरीक

जीवाशी खेळ होऊ शकतो तो इथे. फळीवरचा बंध पडण्याच्या वेळी पाय सोडून देतो, म्हणून हाड आणि गुडघ्याचे स्नायुबंध वाचतात. हे सुटणे बुटाच्या तळावर अवलंबून असते. उताराच्या बुटाचा तळ सपाट आणि टणक, टूरिंगच्या बुटाचा तळ रबरी आणि थोडा वक्र. ‘ग्रिपवॉक’ हा तिसरा, चालायला सोपा प्रकार. आयएसओ ५३५५ म्हणजे उताराचा तळ, ९५२३ म्हणजे टूरिंगचा. प्रत्येक बंधात प्रत्येक तळ चालत नाही. बूट बसला, खट्‌ असा आवाज आला, म्हणजे जुळले असे समजू नये. अडकणे सोपे असते, वेळेवर सुटणे महत्त्वाचे.

बुटाच्या टाचेजवळ बाहेरून ३०५ किंवा ३१५ असा आकडा कोरलेला असतो. ती तळाची लांबी, मिलिमीटरमध्ये. बंध या लांबीवर सरकवून बसवतात. मग माणसाचे वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून किती जोराला सुटायचे ते ठरवतात. भाड्याच्या दुकानात हे विचारले गेले नाही तर आपण होऊन सांगावे. मुलींनी वजन सांगताना संकोच करू नये आणि मुलांनी कौशल्य फुगवून सांगू नये. जोडीदाराशी बुटांची अदलाबदल केली तर बंध पुन्हा बसवून घ्यावा.

भाड्याने की विकत?

पहिल्या वर्षी भाड्याने, याबद्दल दुमत असू नये. औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे, गुलमर्गला भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचे आणि मनालीला अटलबिहारी वाजपेयी संस्थेचे वर्ग प्रसिद्ध आहेत. वर्गासाठी फळ्या-बूट मिळतील का, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे. जाण्यापूर्वी रस्ते आणि रोपवेचीही चौकशी करावी. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा तिथला औलीचा रोपवे बंद करावा लागला होता. पोहोचल्यावर शक्य तर पहिल्या संध्याकाळीच बूट पाहून घ्यावेत. सकाळी रांगेत घाई होते आणि हाती येईल तो जोड घ्यावा लागतो. भाड्याच्या बुटाचे लायनर वापरून दबलेले असते, म्हणून टाचेची पकड दोनदा तपासावी. बक्कले, पट्टा आणि तळाची झीज पाहावी.

जबलपूरच्या सदर बाजारात चपला-बुटांची कमी नाही, पण स्की-बूट शोधण्यात दिवस घालवू नये. मग परदेशातल्या भाच्याची आठवण होते. ‘‘येताना सेलमधला एक जोड घेऊन ये.’’ त्याला आपला पाय ठाऊक नसतो, तो बिचारा आकडा पाहून आणतो. साडी, घड्याळ, परफ्यूम असे चालते. बूट नाही. फार तर त्याला लांबी, रुंदी, पोटरीचा घेर आणि कमानीचे वर्णन कळवावे आणि परत करता येईल असेच आणायला सांगावे. त्यापेक्षा दोन हिवाळे भाड्याचे बूट वापरून, आपला पाय कुठे अडतो हे कळल्यावर, जिथे घालून पाहता येतील तिथे घ्यावेत. खर्चाची विभागणी करायची असेल तर फळ्या भाड्याच्या चालतील. पहिला पैसा बुटात घालावा.

जुने बूट स्वस्तात मिळाले तर बनावटीचे वर्ष विचारावे. प्लास्टिक वर्षानुवर्षांत ठिसूळ होते, न वापरताही. इथल्या उन्हाळ्यात ते गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नयेत आणि पावसाळ्यात दमट कपाटात कोंडू नयेत. परत आल्यावर लायनर काढून सावलीत पूर्ण वाळवावे, मग परत बसवून बक्कले हलकी लावून ठेवावीत. उघडी ठेवली तर कवचाचा आकार बिघडतो.

बूट झाला, पाय कुठे आहेत?

उत्तम बूटही कच्च्या पायांना सांभाळू शकत नाही. दीड-दोन महिने आधीपासून तयारी हवी. मदनमहालच्या टेकडीवरचे चढ-उतार यासाठी छान. चढताना दम वाढतो आणि उतरताना, जो भाग सगळे विसरतात, मांड्या तयार होतात. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखे बसणे आणि एका पायावर तोल धरणे, इतके केले तरी फरक पडतो. मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. बूट चावत असल्याचे त्यांना कळतही नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये आणि रोज संध्याकाळी पाय नजरेखालून घालावेत.

टूरिंगचा मोह झाला तरी आखलेल्या उताराबाहेर जाणकार वाटाड्याशिवाय, हिमस्खलनाचा अंदाज पाहिल्याशिवाय आणि बर्फाखाली गाडलेल्याला शोधण्याचे यंत्र, सळई व फावडे बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नये. गुलमर्गजवळ २०१० च्या फेब्रुवारीत लष्करी शाळेचे सतरा प्रशिक्षणार्थी जवान हिमस्खलनात गेले. २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश आणि २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू असेच गेले. ही सर्व बर्फ जाणणारी माणसे होती.

एवढे सांभाळले तर भीतीचे कारण नाही. कागद, पेन्सिल, फूटपट्टी आणि भिंत ही साधने प्रत्येक घरात आहेत. आजोबा निवृत्त फिटर असतील तर मापाचे काम त्यांच्याकडेच द्यावे. ते चष्मा पुसतील, नातीचे पाऊल दोनदा मोजतील आणि अर्धा मिलिमीटरही सोडणार नाहीत. औलीच्या पहिल्या उतारावर ती उभी राहील, तेव्हा तिच्या टाचेची पकड त्या कागदावरच्या खुणेने पक्की केलेली असेल.

निघण्यापूर्वी

• दोन्ही पावलांची लांबी-रुंदी दुपारनंतर, उभे राहून मोजा आणि आकडे वहीत लिहून बरोबर ठेवा.

• पायाची नखे दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. वाढलेले नख बुटात आदळून काळे पडते.

• दोन-तीन जोड पातळ, लांब मोजे घ्या. रोज कोरडा जोड वापरा.

• कवचात टाचेमागे दोन बोटे जागा : योग्य. तीन बोटे : मोठा.

• रांगेत उभे असताना आणि विश्रांती घेताना बक्कले सैल करा, उतरण्यापूर्वी पुन्हा लावा.

• रात्री लायनर कोरडे करा, पण शेकोटी किंवा हीटरला चिकटवू नका.

• पहिल्या दुपारीच एखादी जागा टोचू लागली तर त्याच संध्याकाळी बूट बदलून घ्या. ‘उद्या सैल होईल’ म्हणून अंगावर काढू नका.